उच्चारता येतील असे इंग्रजी छापाचे खोटे शब्द प्रोग्रामने कसे काढायचे – सविस्तर उत्तर

सेकंड इयरला आहे असं लिहिलंयस म्हणून सरळ तू म्हणते, राग नसावा. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात परत सांगते. ऐरोलीच्या एका मुलाने पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिलाय, त्याला इंग्रजी वाटतील पण डिक्शनरीत नसतील असे शब्द हवेत. पहिल्यांदा २६ अक्षरांतून रँडम उचलली तर एक्स-क्यू-जी-टी-डब्ल्यू असला कचरा आला. मग व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर असं आलटून पालटून केलं, आता वाचता येतंय पण सगळं कोमिता, राबुझो, नेकारू असलं, त्याच्या भाषेत "जपानी कार्टूनमधली नावं". रँडमपणा कंट्रोल कसा करायचा आणि हे पायथॉनमध्ये करू की सी प्लस प्लसमध्ये, असं विचारलंय.

माझ्या मते अडचण रँडमपणाची नाहीच. कुठल्या अक्षराशेजारी कुठलं अक्षर बसतं आणि ती जोडी शब्दाच्या सुरुवातीला चालते की शेवटी की मध्ये, हे तुझ्या प्रोग्रामला माहीत नाही ही अडचण आहे. पहिल्या व्हर्जनला काहीच माहीत नव्हतं, दुसऱ्याला एकच नियम माहीत आहे आणि तो नेमका इंग्रजीचा नाहीये. हवाईयन भाषेत प्रत्येक सिलॅबल (एका स्वराभोवतीचा, एका झटक्यात म्हणायचा शब्दाचा तुकडा) स्वरावर संपतो, जपानीत जवळपास तसंच, फार तर शेवटी एक न् सारखा आवाज येतो. तू साचाच तसा दिलास म्हणून शब्द तसे आले, प्रोग्राम त्याच्या जागी बरोबर चाललाय. इंग्रजीला व्यंजनावर बंद होणारे सिलॅबल आवडतात, व्यंजनांचे गठ्ठे आवडतात, स्ट्रेंग्थ हा अख्खा शब्द म्हणजे एकच सिलॅबल, पुढे तीन व्यंजनं, मागे दोन-तीन आणि मध्ये बिचारा एकटा स्वर.

पण म्हणून कुठलाही गठ्ठा कुठेही चालत नाही. चॉम्स्की आणि हॅले या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याचं एक फार सुटसुटीत उदाहरण दिलंय, ब्रिक हा खरा इंग्रजी शब्द, ब्लिक हा शब्द नाहीये पण उद्या कोणी साबणाला ते नाव दिलं तर कोणाला खटकणार नाही, आणि ब्निक हा शब्द नाहीये आणि होऊही शकत नाही. तुला ब्लिकवाले शब्द पाहिजेत. ब्रिकवाले गाळायचे, कारण ते डिक्शनरीत आहेत, आणि ब्निकवाले मुळात तयारच होऊ द्यायचे नाहीत.

इथे एक गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवायची. "मला म्हणता येतंय" ही टेस्ट पुरेशी नाही. आपण म्हस्के म्हणतो, न्हावा शेवा म्हणतो, ल्हासा म्हणतो, जीभ कुठेच अडत नाही, पण म्ह, न्ह, ल्ह ने सुरू होणारे सिलॅबल इंग्रजीत नसतात. त्यामुळे तुझ्या प्रोग्रामने न्हॉर्ब असं काही काढलं तर तू आणि मी दोघंही ते मान डोलवून पास करू आणि तिकडचा माणूस पहिल्याच अक्षराला अडकेल. उलट पण होतं, त्यांना सोपं वाटणारं आपल्याकडे गोंधळ घालतं, ते खाली फोनवर सांगायच्या कोडच्या भागात सांगते. म्हणून कानावर सोडू नकोस, नियमांवर नाहीतर आकड्यांवर सोड, कान शेवटी वापरायचा.

आता कुठली पद्धत वापरायची हे शब्द कशासाठी हवेत त्यावर आहे, आणि ते तू लिहिलंच नाहीयेस. गेममधल्या गावांची नावं, एखाद्या प्रॉडक्टचं नाव, फोनवर वाचून दाखवायचे कोड आणि पासवर्ड, ही चारही कामं वरून सारखी दिसतात पण मागण्या उलट्या आहेत. शब्द जितका खऱ्या इंग्रजीसारखा तितका तो अंदाज बांधायला सोपा, म्हणजे तितका कमी रँडम, ही ओढाताण टाळता येत नाही. मी आधी दोन पद्धती सांगते मग कुठे काय ते.

पहिली पद्धत सिलॅबलची. अक्षर हे युनिट सोडून दे, सिलॅबल धर, आणि त्याचे तीन भाग कर, सुरुवात, स्वर, शेवट. प्रत्येक भागाची वेगळी यादी. सुरुवातीच्या यादीत सगळी एकेकटी व्यंजनं, एन-जी सोडून, कारण ती जोडी इंग्रजीत शेवटी येते (सिंग, लाँग), सुरुवातीला कधीच नाही. मग जोड्या, पी-आर, बी-आर, टी-आर, डी-आर, सी-आर, जी-आर, एफ-आर, मग पी-एल, बी-एल, सी-एल, जी-एल, एफ-एल. टी-एल आणि डी-एल मुद्दाम नाही, इंग्रजी शब्द तसा सुरू होत नाही. एस वेगळाच प्राणी आहे, तो पी, टी, के, एम, एन, एल, डब्ल्यू सगळ्यांपुढे बसतो, आणि तीनचा गठ्ठा हवा असेल तर पुढे एसच लागतो, एस-टी-आर, एस-पी-आर, एस-सी-आर, एस-पी-एल. शेवटच्या यादीत एन-टी, एन-डी, एम-पी, एन-के, एल-टी, एल-डी, एस-टी, एस-के, एफ-टी, सी-टी, पी-टी वगैरे, शिवाय सी-के, जी फक्त शेवटी येते. एच शेवटी एकटा टाकू नकोस.

यादी पाठ करायची गरज नाही, मागचं तत्त्व कळलं की आपोआप येते. प्रत्येक आवाजाला एक मोकळेपणा असतो, स्वर सगळ्यात मोकळा, मग र-ल, मग म-न, मग स-फ, आणि क-ट-प सगळ्यात बंद. सिलॅबलमध्ये स्वराकडे जाताना मोकळेपणा वाढत जातो आणि स्वरानंतर कमी होत जातो. म्हणून प-र सुरुवातीला चालतं आणि र-प शेवटी, हार्पमध्ये बघ, उलट केलं की जीभ अडते. एस हा नियम मोडतो हे वर दिसलंच, स्टॉपमध्ये तो बंद आवाजाच्या पुढे जाऊन बसलाय.

आता खरी मेख. या याद्या केल्यास आणि त्यातून सगळ्यांना समान संधी देऊन उचललंस तर स्ट्रिंप्लक्ट असले राक्षस बाहेर येतील. प्रत्येक तुकडा कायदेशीर आहे पण इंग्रजीत इतके गठ्ठे एका शब्दात भेटत नाहीत. म्हणून वजन द्यावं लागतं. मी साधारण असं करते की सुरुवातीला दहातले सात-आठ वेळा एकच व्यंजन, बाकी गठ्ठा, आणि पहिल्या सिलॅबलचा शेवट बहुतेक वेळा रिकामा नाहीतर एन, आर, एल, एस असा हलका, भारी शेवट फक्त शेवटच्या सिलॅबलला. दोन सिलॅबल जिथे भेटतात तिथे एकाचा शेवट अधिक दुसऱ्याची सुरुवात मिळून तीनपेक्षा जास्त व्यंजनं झाली तर फेकून परत काढायचं. एवढ्याने ब्रेंडल, स्पॉल्टिन, ग्लॅमिस्क अशा वळणाचं यायला लागतं, अगदी खरं वाटत नाही पण जपानी तर नक्कीच वाटत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे आणि बऱ्याच लोकांना इथेच थांबता येतं.

दुसरी पद्धत म्हणजे नियम आपण लिहायचेच नाहीत, खऱ्या शब्दांच्या यादीतून मोजून घ्यायचे. याला मार्कोव्ह चेन म्हणतात आणि गंमत म्हणजे मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने हे सुरूच अक्षरांवर केलं होतं. १९१३ मध्ये त्याने पुश्किन या रशियन कवीच्या एका काव्यातली २०,००० अक्षरं हाताने मोजली, स्वर किती, व्यंजनं किती, स्वरानंतर काय येतं. एकूण स्वर सुमारे ४३ टक्के निघाले, पण स्वरामागून परत स्वर फक्त १३ टक्के वेळा आणि व्यंजनामागून स्वर ६६ टक्के वेळा. म्हणजे पुढचं अक्षर आधीच्या अक्षरावर किती अवलंबून आहे ते आकड्यात दिसलं. तुझं दुसरं व्हर्जन बघ, त्यात हे आकडे शून्य आणि शंभर आहेत. खरी भाषा कुठेतरी मध्ये असते.

पुढे क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ च्या त्याच्या पेपरात हेच इंग्रजीवर केलं आणि कॉम्प्युटरशिवाय कसं करायचं तेही सांगितलं. पुस्तक कुठेही उघड, एक अक्षर घे. दुसरं कुठलंही पान उघड, ते अक्षर सापडेपर्यंत वाच, त्याच्या पुढचं अक्षर लिहून घे. मग तिसरं पान, आता हे नवीन अक्षर शोध. असं करत गेलं की आपोआप इंग्रजीच्या प्रमाणात अक्षरं येतात, कारण कशानंतर काय किती वेळा येतं याचं टेबल म्हणजे ते पुस्तकच झालं. तीन-तीन अक्षरांच्या हिशोबाने केल्यावर त्याच्या नमुन्यात ग्रोसिड, पाँडेनोम असले शब्द आलेत, आणि हे कुठल्याही डिक्शनरीत नाहीत तरी इंग्रजी आहेत हे कोणीही सांगेल. ठाणे-पनवेल लोकलमध्ये बसायला मिळालं तर एखादं इंग्रजी पेपर घेऊन हे एकदा हाताने करून बघ, कोड लिहिण्याआधी डोक्यात पक्कं बसतं. मी नवीन जॉइन झालेल्या मुलांना हेच करायला लावते, पहिल्यांदा तोंड वाकडं करतात.

आता मेमरी किती ठेवायची, म्हणजे पुढचं अक्षर काढताना मागची किती अक्षरं बघायची. दोन शब्दांचं उदाहरण घेऊ, बोरिवली आणि डोंबिवली, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. रेल्वे बोरिवलीच्या शेवटी व्ही-ए-एल-आय लिहिते आणि डोंबिवलीच्या शेवटी व्ही-एल-आय, मध्ये ए नाही. समज प्रोग्रामला फक्त हे दोनच शब्द शिकवले. एकाच अक्षराची मेमरी ठेवली तर ओ नंतर आर किंवा एम, व्ही नंतर ए किंवा एल, आणि आय नंतर निम्म्या वेळा व्ही आणि निम्म्या वेळा शब्द संपला. म्हणजे बोंबिवली येणार, डोरिवली येणार, नुसतं बोरी किंवा डोंबी येऊन संपणार, आणि नशीब असेल तर बोरिवलिवलिवली असं लांबतच जाणार. आता दोन अक्षरांची मेमरी ठेव. बी-ओ नंतर आरच, डी-ओ नंतर एमच, मोकळीक उरते ती फक्त आय-व्ही नंतर, तिथे ए पण चालतं एल पण. त्यामुळे मूळ दोन सोडून नवीन शब्द फक्त दोनच येऊ शकतात, ए नसलेली बोरिवली आणि ए असलेली डोंबिवली, म्हणजे लोक पाट्यांवर चुकून जे लिहितात तेच. तीन अक्षरांची मेमरी ठेवलीस तर काहीच नवीन येणार नाही, जे दिलं ते परत. कागदावर करून बघ, पाच मिनिटं लागतात.

सगळं रहस्य यातच आहे. मेमरी कमी तर कचरा, जास्त तर चोरी. आणि जास्त म्हणजे किती हे यादी किती मोठी त्यावर. २६ अक्षरं आणि एक शब्द-संपला-ची खूण धरली तर २७, म्हणजे दोन अक्षरांच्या मेमरीला ७२९ खाने, तीनला १९,६८३ आणि चारला ५,३१,४४१. तुझ्याकडे २०,००० शब्द आहेत आणि सरासरी आठ अक्षरांचे, तर खूण धरून एक लाख ऐंशी हजार नोंदी होतात. तीनच्या मेमरीत त्या छान पसरतात, प्रत्येक वापरातल्या खान्यात निवडायला काहीतरी असतं. चारच्या मेमरीत बहुतेक खाने रिकामे आणि जे भरलेत त्यात खूप ठिकाणी एकच वाट, मग प्रोग्राम ती वाट पकडतो आणि खरा शब्द नाहीतर दोन खऱ्या शब्दांची सरळ शिलाई बाहेर काढतो. माझा अनुभव असा की हजारो शब्दांची यादी असेल तर तीन, दोन-चारशे नावंच असतील तर दोन. चार मी वापरत नाही.

करताना सगळ्यात जास्त फरक यादीने पडतो, कोडने नाही. यादीत प्रत्येक शब्द एकदाच असू दे. इंटरनेटवरचा लेख जसाच्या तसा दिलास तर त्यात द, अँड, दॅट हेच शेकडो वेळा येतात आणि सगळे आकडे टी-एच कडे झुकतात. लिनक्सवर डिक्ट फोल्डरमध्ये वर्ड्स नावाची फाइल बहुतेक वेळा असते नाहीतर इन्स्टॉल करता येते, ती चालेल. मॅकवरची त्याच नावाची फाइल मात्र १९३४ च्या वेबस्टर डिक्शनरीवरून आलेली, सव्वादोन लाखांहून जास्त शब्द, त्यात झाडांची, किड्यांची, ग्रीक-लॅटिन नावं भरपूर, म्हणून आउटपुट एखाद्या बॉटनीच्या जर्नलसारखं यायला लागतं. वाईट नाही, पण हवं असेल तरच घे. शिवाय एस, ई-डी, आय-एन-जी, नेस लागलेली रूपं आधी काढून टाक नाहीतर प्रत्येक दुसऱ्या शब्दाला तीच शेपटी. आणि माणसांची, गावांची नावं पण काढ, कॅपिटलने सुरू होणारं सगळं उडवलं की झालं.

शब्दाच्या आधी सुरुवातीच्या खुणा आणि नंतर संपल्याची खूण जोडायला विसरू नकोस, प्रश्नात तू लिहिलंयस की सहा अक्षरं झाली की लूप थांबवतोस, तिथेच निम्मे शब्द बिघडतात. शब्द कुठे संपू शकतो हा पण इंग्रजीचा नियम आहे आणि तो टेबलमध्ये आलेला असतो, तू मध्येच कापलंस की बी-आर वर नाहीतर क्यू-यू वर संपलेला शब्द हातात येतो. संपल्याची खूण आपोआप येऊ दे, मग लांबी पाच ते नऊमध्ये नसेल तर फेक आणि परत काढ. कॉम्प्युटरला काय, सेकंदात हजारो काढेल.

एवढं करूनही दर वीस-पंचवीसात एखादा शब्द खटकतो. बहुतेक जण यावर अख्ख्या शब्दाच्या शक्यतेची सरासरी काढून कमी वाले गाळतात. मी सरासरी बघत नाही, सगळ्यात कमजोर जोड बघते. ब्निकमध्ये बी-एन सोडून सगळं छान आहे, सरासरी काढली की बाकीची चांगली अक्षरं त्याला वाचवतात, पण तोंड तर त्या एकाच जागी अडणार. म्हणून शब्दातली सगळ्यात दुर्मिळ उडी, म्हणजे मागच्या अक्षरांवरून पुढच्या अक्षरावर जाणं, कुठली ते बघ आणि ती एका मर्यादेखाली असेल तर शब्द बाद. याचाच सोपा भाऊ म्हणजे यादीत एक-दोनदाच दिसलेल्या उड्या टेबलमधून आधीच उडवायच्या, बऱ्याचदा त्या जर्मन, पोलिश उसनवारीतून आलेल्या असतात. उडवल्यावर काही खान्यांतून बाहेर पडायची वाटच राहणार नाही, तिथे पोचलं की तो शब्द टाकून नव्याने सुरू, बस.

मग दोन चाळण्या. एक, मूळ यादीत असलेला शब्द बाद. यादी छोटी असेल तर मोठ्या यादीशी पण ताडून बघ, नाहीतर ट्रेनिंगमध्ये नसलेला पण खरा शब्द येतो आणि आपण खुश. दोन, घाणेरडे शब्द. इंग्रजीच्या याद्या फुकट मिळतात पण मराठी-हिंदी शिव्यांची रोमन स्पेलिंगमधली यादी स्वतः करावी लागते, आणि ती करायला ऑफिसात कोणी लाजत नाही असं मी पाहिलंय. ही चाळणी शब्दाच्या आतपण बघणारी हवी. खऱ्या नावांवर असं केलं तर नुकसान होतं, दीक्षित आडनावाच्या लोकांना ऑनलाइन फॉर्म भरताना काय त्रास होतो ते विचार, पण आपले शब्द खोटेच आहेत, शंभर चांगले गेले तरी काय बिघडतं, दुसरे काढू.

आता कुठे काय. गेमसाठी नावं हवी असतील तर मार्कोव्ह आणि ठरलेलं सीड (रँडम जिथून सुरू होतं तो आकडा), म्हणजे गेम परत उघडला तरी तीच गावं तीच नावं येतील, सेव्ह करायची गरज नाही. १९८४ च्या एलिट नावाच्या गेमने आठ गॅलेक्सी आणि प्रत्येकीत २५६ ग्रह असे २,०४८ ग्रह त्या काळच्या इवल्याशा मेमरीत असेच बसवले, दोन-दोन अक्षरांच्या जोड्या आकड्यांवरून उचलून, लेव्ह, डिसो, झाओन्स अशी नावं झाली. प्रत्येक देशाला वेगळी यादी दिलीस, एकाला इंग्रजी गावांची, दुसऱ्याला वेल्श, तर नकाशा खरा वाटतो. हे यातलं सगळ्यात मजेचं काम आहे.

फोनवर सांगायच्या कोडसाठी मात्र इंग्रजीसारखं हा हट्टच सोड, आणि इथे तुझं दुसरं, जपानीवालं व्हर्जनच जिंकतं. आमच्याकडे भिवंडीच्या गोदामातून ड्रायव्हरने कोड फोनवर वाचायचा आणि महापेत बसलेल्या मुलीने टाइप करायचा असं काम होतं, तिथे सुंदर इंग्रजी शब्द काही कामाचा नाही. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपण व म्हणतो, त्यातला एकच ठेव. झेड आणि जे मध्ये गोंधळ होतो, ज चे दोन उच्चार आपल्याच तोंडात आहेत. सी, के, क्यू पैकी फक्त के. एफ चालेल पण मग पी-एच नको. प्रोक्विंट नावाची एक तयार पद्धत आहे, १६ व्यंजनं आणि ४ स्वर, व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर-व्यंजन अशा पाच अक्षरांत बरोब्बर १६ बिट बसतात, तिथून कल्पना घे. त्यात जे आणि झेड दोन्ही आहेत, मी झेड काढते, मग हिशोब सोळाचा सरळ राहत नाही पण ड्रायव्हरच्या शिव्या वाचतात.

आणि कोड रँडम काढू नकोस, सिरियल नंबर घे, तो उलटापालटा कर आणि सिलॅबलमध्ये लिही. कारण रँडम काढले की रिपीट होतात आणि वाटतं त्याच्या फार आधी होतात. २० व्यंजनं, ५ स्वर, तीन सिलॅबल, म्हणजे एकूण १० लाख कोड शक्य आहेत. त्यातून फक्त हजार काढले तरी कुठलेतरी दोन सारखे निघण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के आहे. सिरियल नंबरवरून केलं की हा प्रश्नच संपतो.

पासवर्डसाठी काढत असशील तर थांब. चार सिलॅबलचे आठ अक्षरी शब्द वरच्या हिशोबाने १० कोटी होतात, म्हणजे साधारण २६.६ बिट (एक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात), आणि नुसती आठ रँडम छोटी अक्षरं ३७.६ बिट देतात. उच्चार करता यावा म्हणून ११ बिट गेले, म्हणजे ओळखायला दोन हजार पट सोपं. हा तर समान वजनाचा हिशोब, मार्कोव्हमध्ये काही शब्द इतरांपेक्षा खूप जास्त वेळा येतात त्यामुळे आणखी पडतो. अमेरिकन सरकारचं १९९३ चं फिप्स १८१ नावाचं स्टँडर्ड नेमकं असे उच्चारता येणारे पासवर्ड बनवण्यासाठी होतं, मॉरी गॅसरच्या १९७५ च्या कामावर आधारलेलं, आणि पुढच्याच वर्षी गणेसन आणि डेव्हिस यांनी दाखवलं की शब्द समान पसरत नाहीत त्यामुळे दाट भागावर हल्ला करणाऱ्याचं काम सोपं होतं. २०१५ मध्ये ते मागे घेतलं. त्यापेक्षा डाइसवेअर वापर, ७,७७६ खऱ्या शब्दांची यादी, पाच फासे टाकून एक शब्द, प्रत्येकी १२.९ बिट, सहा शब्द घेतले की ७७ बिट. आणि जे काही करशील त्यात पायथॉनचं रँडम मॉड्यूल नको, त्यातली आकडे काढायची मर्सेन ट्विस्टर नावाची पद्धत अशी की ६२४ आकडे बघितले की पुढचे सगळे सांगता येतात, सीक्रेट्स नावाचं मॉड्यूल ३.६ पासून याच कामासाठी दिलंय.

प्रॉडक्टचं नाव हवं असेल तर मार्कोव्ह चांगला, पण प्रोग्रामचं काम दोनशे नावं काढण्यापर्यंतच. कोडॅक हे कॅमेऱ्याचं नाव कंपनीच्या मालकाने, ईस्टमनने, १८८८ मध्ये असंच अक्षरं जुळवून केलं, त्याला के आवडायचा म्हणून दोन्ही टोकांना के. आज मात्र नाव आवडलं की आधी ट्रेड मार्क रजिस्ट्रीच्या साइटवर सर्च कर, तिथे स्पेलिंगशिवाय उच्चारावरून शोधायची पण सोय आहे आणि आपल्याला तीच लागते, कारण ब्लिकचं स्पेलिंग कसंही केलंस तरी ऐकायला एकच. तुर्भे-महापे पट्ट्यात औषधवाल्या कंपन्या पुष्कळ, तिथल्या कोणासाठी करत असशील तर ओलोल, प्रिल, व्हॅस्टॅटिन अशा शेवटांचे शब्द आधीच गाळ, ही औषधांच्या गटांची आंतरराष्ट्रीय नावांमधली राखीव शेपूट आहे, ब्रँडला लावायची नसते.

कोणीतरी खाली कॉमेंटमध्ये लिहिलंय की एआयला सांग, पाचशे शब्द देईल. देईल की, दहा-वीस नावं हवी असतील तर मीपण तेच करते. पण पाचशे मागितलेस की तीच तीच वळणं परत यायला लागतात आणि कुठला शब्द किती शक्यतेने आला याचा काही हिशोब तुझ्या हातात राहत नाही. इथे तीस-चाळीस ओळींच्या प्रोग्रामने काम होतं आणि टेबल उघडून बघता येतं की हा शब्द का आला. कॉलेजच्या व्हायवाला तर हेच विचारतील.

भाषेचं म्हणशील तर पायथॉनच ठेव. पायथॉनमधल्या डिक्शनरीत (शब्दकोश नव्हे, चाबीसमोर माहिती ठेवायची सोय) चाबी म्हणजे मागची तीन अक्षरं, त्याच्यासमोर पुढच्या अक्षरांची लिस्ट, जितक्या वेळा दिसलं तितक्या वेळा लिस्टमध्ये टाकायचं, मग त्यातून एक उचललं की वजन आपोआप लागतं, वेगळं गणित नको. दुर्मिळ उड्या गाळताना मात्र मोजलेले आकडे लागतील, तेव्हा लिस्टच्या जागी काउंटर घे, तो किती वेळा दिसलं ते मोजून ठेवतो. सी प्लस प्लसने वेग वाढेल पण इथे वेग कोणाला हवाय, यादी वाचायलाच जास्त वेळ जातो. झाल्यावर पन्नासएक शब्द इथे टाक, आणि यादी कुठली घेतलीस ते पण लिही, त्याशिवाय काही सांगता येणार नाही.